सारजंटचं राहिलेलं विमान

दातांच्या दवाखान्यात माणूस एक तर स्वतःचा गाल धरून येतो, नाहीतर बायकोनं दंड धरून आणलेला असतो. सारजंट आले ते बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन. बाकावर चार पेशंट होते, त्यांच्या रांगेत ताठ बसून राहिले, नंबर आल्यावर आत आले, आणि मी खुर्चीकडे हात केला तर उभ्यानंच म्हणाले, "दात ठीक हायेत डाक्टर. झिजलेले बर फेकता काय तुमी?" दात कोरायच्या यंत्राच्या टोकाला जे इवलंसं पातं बसवतात, त्याला आम्ही बर म्हणतो. बोथट झालं की ते आमच्या काही कामाचं राहत नाही. पण वडशाच्या बाजारातून चालत आलेला एक अनोळखी साठीचा माणूस त्याचं नाव घेऊन ते मागतोय, हे माझ्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. मी मूठभर बर डब्यात टाकले. पुढे सहा वर्षं ते दर पंधरवड्याला येत राहिले, आणि एक दिवस सोडला तर माझ्या खुर्चीत कधी बसले नाहीत.

सारजंट हे गावानं ठेवलेलं नाव. खरं नाव होतं, पण ते फक्त पोस्टमनला लागायचं. नागभीडकडच्या एका तलावाच्या गावातलं ढिवराचं घर. वडील तलावात जाळं टाकायचे, आई टोपलीत मासोळ्या घेऊन बाजार करायची. बारावीनंतर हा मुलगा हवाई दलात भरती झाला, विमानांच्या देखभालीला लागला आणि वीस वर्षांनी सार्जंट होऊन परत आला. लोकांनी त्याचं सारजंट करून टाकलं, त्यांनीही ते अंगाला लावून घेतलं. मग काही वर्षं एका राइस मिलमध्ये मोटारी सांभाळल्या, मुलीचं लग्न करून दिलं, आणि मी ओळखू लागलो तेव्हा नवरा-बायको वडशाला रेल्वे रुळाच्या कडेला दोन खोल्यांत राहत होते. बोटं मात्र बापाची होती. "जाळ्याच्या गाठी मारू मारू हात बसला माहा, ट्रेनिंग त नंतर झाली," असं सांगायचे.

हे बर लागतात तरी कशाला ते बघायला मी एका रविवारी त्यांच्याकडे गेलो आणि आतल्या खोलीच्या दारातच थबकलो. काचेचं कपाट, आणि त्यात ओळीनं दहा लढाऊ विमानं. वीत-दीड वीत लांबीची, पण पोटाखाली तेलाचे ओघळ, चाकांना धावपट्टीची धूळ, मागच्या नळकांड्याशी जळून निळसर झालेला पत्रा, सगळं जिथल्या तिथे. मी कौतुकानं 'खेळणी' म्हणून बसलो आणि त्या दिवशी मला चहा उशिरा मिळाला. विमान जोडायच्या किटच्या डब्यात येतात ते प्लास्टिकचे भाग ढोबळ असतात, त्यांनी मला समजावलं. ज्याला सीटवरचे पट्टे, कॉकपिटमधले काटे आणि चाकांचे नट मोजून हवेत, तो दुसऱ्या कंपन्यांनी रेझिनमध्ये, म्हणजे कडक होणाऱ्या राळेत, ओतलेले भाग मागवतो आणि प्लास्टिकचे कापून त्यांच्या जागी बसवतो. हे भाग परदेशातून यायचे, तीन-तीन महिन्यांनी, पाकिटावर शिक्क्यांची रांगोळी घेऊन. प्रत्येक भाग रेझिनच्याच एका ठोकळ्यावर उभा ओतलेला असतो. ठोकळा कापून तो अलगद सोडवायचा. माझे झिजलेले बर तिथे नव्यासारखे चालत होते.

जगातली प्रत्येक गोष्ट अठ्ठेचाळीसनं भागायची त्यांना खोड होती, कारण त्यांची विमानं खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाची. माझी खुर्ची भागून झाली, वडशाचा प्लॅटफॉर्म भागून झाला, त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, पोळपाट भागून झाला. स्वतःलाही सोडलं नाही. "मी साडेतीन सेंटिमीटरचा माणूस आहो डाक्टर," म्हणायचे, आणि दोन बोटांत तेवढं अंतर धरून दाखवायचे. गर्वाचं बोलणं त्यांच्यासमोर कुणी सुरू केलं की ती दोन बोटं हळूच वर यायची. मला तर ती बरेचदा दिसली.

दिवाळी सरली की वडशात नाटक कंपन्यांच्या बुकिंगची गर्दी होते, हे झाडीपट्टीतल्या माणसाला सांगायला नको. एका वर्षी एक कंपनीवाला सारजंटचा पत्ता शोधत आला. तिसऱ्या अंकात हिरोचं विमान दोरीनं खाली उतरवायचं होतं. सारजंटनी त्याला पाट दिला, पाणी दिलं आणि विचारायला सुरुवात केली. कोणतं विमान? कोणत्या स्क्वॉड्रनचं? कोणत्या सालातलं? रंग उन्हानं विटलेला पाहिजे की नुकताच मारलेला? कंपनीवाला घामाघूम होऊन म्हणाला, उडणारं पाहिजे हो, बस. तेव्हा सारजंट म्हणाले, "मंग मले नाई जमत. मी उभंच बनवतो." ही गोष्ट सांगून मी दवाखान्यात कैक पेशंटांना हसवलं आहे. त्या उत्तरात काय होतं ते मला तेव्हा कुठे कळलं होतं!

हत्यारं मोजणं हा त्यांचा दुसरा धर्म. भिंतीला एक फळी, तिच्यावर प्रत्येक चिमट्याची, कानशीची, सुरीची आकृती पेन्सिलनं काढलेली, आणि त्या आकृतीवर ती वस्तू टांगलेली. काम संपलं की फळीवर एकही आकृती उघडी दिसता कामा नये. विमानात विसरलेला एक पाना माणूस मारतो, हे त्यांच्या नोकरीनं त्यांच्यात ठोकून बसवलेलं होतं. माझ्या ट्रेमधला आरसा एकदा दिसेना तर मी म्हटलं, असेल कुठेतरी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पेशंट बसवून ठेवून अख्खा दवाखाना झाडून काढला. आरसा माझ्याच खिशात निघाला. तेव्हापासून शटर ओढायच्या आधी मी ट्रे मोजतो. माझी कंपाउंडर मुलगी हसते, हसू दे.

घराला लागून रूळ असल्यामुळे मालगाडी आली की अख्खी खोली थरथरायची. लांबून आवाज आला की सारजंट बोलता बोलता दोन्ही हात टेबलावरून उचलून छातीशी घ्यायचे आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तसेच बसायचे. रेझिन घासायचं ते पाण्याच्या वाटीत बुडवून, तोंडाला मास्क बांधून. ती धूळ छातीत गेली की परत येत नाही म्हणायचे, आणि मी कवळ्या घासताना मास्क हनुवटीवर ठेवतो म्हणून मला माझ्याच पेशंटांसमोर झापायचे. एवढ्या सावधपणानं जगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही.

कपाटातल्या एकाही विमानात पायलट नव्हता. किटमध्ये छोटा माणूस येतो, रंगवून बसवला की झालं. सारजंट तो काढून ठेवायचे. काचेचं झाकण उघडं, सीट रिकामी, आणि सीटला केसाएवढ्या पिना, त्यांना लाल फीत. खऱ्या विमानात सीटच्या खाली स्फोटाची दारू भरलेली असते. संकट आलं की पायलट मांड्यांमधलं हँडल ओढतो आणि सीटसकट आकाशात फेकला जातो. जमिनीवर असताना चुकून तसं होऊ नये म्हणून पिना लावतात, आणि उडायच्या आधी देखभालीचा माणूस त्या काढतो. सारजंटच्या सगळ्या विमानांना पिना होत्या. म्हणजे ती सगळी सुरक्षित होती, कुठेही जाणारी नव्हती.

टेबलावर मात्र एक विमान नेहमी अर्धंच असायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते होतं, नंतर कपाटात दोन नवी आली तरी ते तिथेच. त्याचं नाव आणि शेपटीवरचा आकडा मी इथे लिहीत नाही. सारजंटनी तो कधी मोठ्यानं उच्चारला नाही, मी कोण लिहिणारा? त्याच्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "ते राह्यलं हाय," आणि दुसरं काहीतरी दाखवायला घ्यायचे.

ते खुर्चीत बसले तो दिवस मला चांगला आठवतो. वैशाखाची दुपार होती. खालची दाढ इतकी सुजली होती की त्यांना तोंडही नीट उघडता येत नव्हतं, वहिनींनी अक्षरशः ढकलत आणलं आणि त्या बाहेर बाकावर बसल्या. मी खुर्ची मागे झुकवली, तसे त्यांचे दोन्ही हात मांड्यांच्या मध्ये गेले आणि काहीतरी चाचपू लागले. तिथे काय असणार? तेवढ्यात लाईट गेली. यंत्र बंद, पंखा बंद. मी म्हटलं, उठून बसा सारजंट, येईल दहा मिनिटांत. ते उठले नाहीत. तसेच आडवे पडून छताकडे बघत त्यांनी मला जे सांगितलं ते सहा वर्षांत पुन्हा कधी सांगितलं नाही.

एक कोवळा पायलट होता. सारजंटनी आपल्या गावच्या तलावाच्या गप्पा त्याला सांगितल्या होत्या, त्यामुळे रोज सकाळी शिडी चढताना तो विचारायचा, सार्जंट, आज कितनी मछली? सारजंट काहीतरी आकडा ठोकून द्यायचे. त्या दिवशी म्हणाले, सात. त्यांनीच त्याचे पट्टे आवळले, सीटच्या पाचही पिना काढल्या, तळहातावर धरून त्याला दाखवल्या. त्यानं नजरेनं मोजून अंगठा वर केला. विमान धावपट्टीवरून उचललं आणि एक पक्षी इंजिनात गेला. पलीकडच्या शेतांवर धूर निघाला तेव्हा पिना अजून सारजंटच्या हातात होत्या.

चौकशी झाली. पिना पाचच्या पाच मिळाल्या, सही जिथे पाहिजे तिथे होती. विमान फार खाली होतं, पायलटला वेळच मिळाला नाही, असं ठरलं. कुणी सारजंटना एका शब्दानं बोललं नाही. "कागदावर मी सुटलो डाक्टर," ते म्हणाले. "पन त्यानं हँडल ओढला का नाई, हे कोनालेच माहीत नाई. ओढला असन अन् सीट निघाली नसन, त? पाच काढल्या मी. पाचच रायतेत. तरी मनात येते, सहावी होती का?" बाहेर वहिनी पदरानं वारा घेत होत्या, त्यांना आतलं सगळं ऐकू जात असणार.

त्या अपघातानंतर हिवाळ्यात तलावावर बदकं उतरली की ते आपल्या गावी जात नसत. भाऊबंद म्हणायचे, नोकरी करून आला आणि तलावाची पाळ चढायला लाजतो. त्या वर्षीच त्यांनी पहिलं किट आणलं होतं. टेबलावरचं अर्धं विमान त्या सकाळचं होतं. पिना निघालेल्या, झाकण उघडं, सगळं जसंच्या तसं. ते पुरं करायचं आणि एकदा नीट बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. "सारं बरोबर होतं का नाई ते माह्या डोयानं पाह्यन," म्हणाले, "मंग माही सुट्टी." लाईट आली. मी दाढ काढली.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाच्या कपात कळायचं, मग सहीत कळायला लागलं. कंपवात निघाला. गोळ्यांनी थोडं थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मालगाडी नसतानाही ते हात छातीशी धरून बसू लागले. त्या विमानाचं सगळं झालं होतं, फक्त सीट राहिली होती. रेझिनची सीट पाकिटात येऊन पडलेली. बोटाच्या पेराएवढी वस्तू, तिचा ठोकळा कापायचा, रंगवायची, बसवायची. एका सकाळी ते पाकीट घेऊन दवाखान्यात आले आणि माझ्यासमोर ठेवलं. उभा जन्म दुसऱ्याच्या हातात हत्यार न देणारा माणूस मला म्हणाला, तुमीच कापून द्या. मला खरं सांगायचं तर अभिमान वाटला. मी म्हटलं, ठेवून जा, संध्याकाळी या.

आता माझी करणी ऐका. आम्हा दातवाल्यांचा हात एका शिकवणीनं घडलेला असतो. कवळी तयार झाली की तिच्या कडेवरून बोट फिरवायचं, जिथे टोचेल तिथे घासायचं, कारण आम्हाला न टोचलेला कण पेशंटच्या जिभेला भाल्यासारखा टोचतो. मी दुपारचे पेशंट लवकर आटोपले, भिंग लावलं, ठोकळा कापला. सुरेख सुटली सीट. मग सवयीनं तिच्यावर बोट फिरवलं. पुढच्या बाजूला खाली काहीतरी टोचलं. तांदळाच्या कणीएवढं, सीटला पापुद्र्यानं चिकटलेलं. मला वाटलं ओतताना राहिलेलं फाजील रेझिन आहे. मी ते घासून टाकलं आणि वरून पॉलिशही केलं. एवढी गुळगुळीत सीट जगात कुणाच्या विमानाला नसेल, असं मनाशी म्हणालोसुद्धा.

सारजंट आले, भिंग घेतलं, खिडकीशी गेले. मी शाबासकीची वाट बघत उभा.

"डाक्टर, हँडल कुठी हाय?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं आणि माझे कान गरम झाले. सगळी गोष्ट त्यांनी मला सांगितलेली, त्या हँडलवर त्यांचा जन्म अडकलेला, आणि मी नेमकं तेच घासून टाकलं होतं! ते सीटकडेच बघत म्हणाले, "याच्यात बसलेला मानूस आता बाहीर निंगू शकत नाई." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, दात बांधायची बारीक तार आहे माझ्याकडे, पाच मिनिटांत हँडल वळून देतो. तसं करणं म्हणजे त्यांच्याच तालमीतला प्रकार, हातानं होतं ते विकत घेऊ नये असं तेच मला शिकवत आलेले. पण त्यांनी मान हलवली. नाई म्हणाले, हे कंपनीचंच पाह्यजे, नवी सीट मागवतो. सीट रुमालात बांधून घेतली आणि निघून गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. माझ्या हातची तार त्यांना नको आहे, एवढंच मला त्यातून समजलं आणि ते मला फार लागलं.

पुढचे आठ महिने मी आतल्या आत कुढत काढले. नवी सीट कधी शिल्लक नाही, कधी पाठवली आणि कुठे अडकली, असं चाललं होतं. सारजंट पूर्वीसारखे येत, बर नेत, अठ्ठेचाळीसनं भागत, माझ्या मास्कवरून बोलत. त्या सीटचा विषय चुकूनही काढत नसत. मला वाटे, हा मोठेपणा आहे, आणि त्या मोठेपणाखाली मी अधिकच चेपला जाई. त्यांचा हात महिन्यागणिक बिघडत होता. मी मनात हिशेब करायचो, पार्सल आलं तरी आता हे रंगवू शकतील का? माझ्या एका बोटामुळे या माणसाची सुट्टी हुकणार, हे मला दिसत होतं आणि करता काही येत नव्हतं.

ती हुकलीच. पौषात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. वहिनी चहा घेऊन गेल्या तेव्हा अंग गार पडलं होतं. मी गेलो तर पायाशी बसवेना. गावचे भाऊबंद आले होते, ते म्हणत होते, पुण्यवान, काही त्रास न होता गेला. मला रडू फुटलं ते त्या वाक्यावर. त्रास न होता!

तेरवी झाल्यावर चार दिवसांनी पार्सल आलं. पोस्टमननं ते वहिनींच्या हातात दिलं आणि वहिनी ते तसंच पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन आल्या. एवढ्या वर्षांत त्या एकट्या कधी आल्या नव्हत्या. मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं आणि एवढे दिवस साठलेलं सगळं सांगून टाकलं. माझ्यामुळे त्यांचं विमान राहिलं वहिनी, असं म्हणालो. हात जोडले.

त्यांनी माझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाल्या, "तुमाले नाई माहीत का, डाक्टरभाऊ? तुमी ते हँडल कापलं न, त्या दिवशी घरी आले अन् मले म्हनाले, आज मासोळीचं सालन कर. पोटभर जेवले. हसत होते. डाक्टरनं सीट खराब केली म्हने, आता सहा महिने काही करता येत नाई."

त्या थांबत थांबत सांगत गेल्या. बाकीची विमानं त्यांची तीन-चार महिन्यांत व्हायची. हेच एक वर्षानुवर्षं चाललं होतं. एकदा रंग बरोबर नाही म्हणून सगळा धुऊन काढला. एकदा सीट हातून पडली, सापडत नाही म्हणाले, ती वहिनींना झाडताना सापडली आणि त्यांनी त्यांच्या हातात दिली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नाहीशी. हत्यारं मोजणारा माणूस सीट हरवतो का, हे वहिनींना तेव्हाच कळलं होतं. हात कापायला लागला ही शेवटची सबब, तीही टिकली नाही. वहिनीच मागे लागल्या, स्वतःच्यानं होत नाही तर डॉक्टरांना द्या. म्हणून ते पाकीट घेऊन माझ्याकडे आले होते.

"पुरं झालं असतं त त्या पोराले जाऊ द्या लागलं असतं न," वहिनी म्हणाल्या. "यायच्यानं ते होत नोहतं."

तर मी त्यांची सुट्टी हुकवली नव्हती. त्यांना ती नकोच होती. मला हलकं वाटायला हवं होतं, आणि मला सारजंटचा असा राग आला म्हणून सांगू! आठ महिने मी झिजलो, एका शब्दानं सांगायचं तरी होतं, माणसा. पण कुणाला सांगणार? ते स्वतःला तरी सांगू शकले होते का? तीस वर्षं एका पोराला उडण्याच्या आधीच्या मिनिटात धरून ठेवून हा माणूस जगला होता. जगात तेवढंच एक मिनिट होतं ज्यात तो जिवंत होता आणि सगळं बरोबर होतं.

मी विचारलं, आता या पार्सलचं काय करू? परत ठेवून देऊ? वहिनी म्हणाल्या, नाही. हे गेले, आता त्या पोरालाही ताटकळत ठेवू नका.

रविवारी सकाळी मी भिंग आणि नवे बर घेऊन त्यांच्या घरी गेलो. ठोकळा कापायच्या आधी हँडलभोवती पेन्सिलनं खूण केली, वहिनींना भिंगातून दाखवली, त्यांनी हो म्हटल्यावर बर चालवला. दुपारपर्यंत सीट रंगवून वाळवली. सारजंटनी रंगाच्या बाटल्यांवर क्रमांक घालून ठेवले होते, त्यामुळे चुकायला जागा नव्हती. दोनदा मालगाडी गेली, दोनदा मी हात उचलले. सीट कॉकपिटमध्ये टक्क बसली. पाकिटात पितळेच्या पिना होत्या, लाल फितीच्या. त्या लावायच्या नव्हत्या. मी त्या वहिनींच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी बोटानं एकेक सारून मोजल्या.

"पाच हायेत," म्हणाल्या.

"पाचच असतात वहिनी."

मी विमान खिडकीच्या उजेडात सरकवलं आणि म्हटलं, झालं. त्या बघत राहिल्या. मग कॉकपिटला टेकलेल्या पिवळ्या शिडीकडे बोट करून विचारलं, ही राहते का अशीच? मी म्हटलं, सारजंटनीच तारेची बनवून लावली आहे. पायलट बसला, पिना निघाल्या की देखभालीचा माणूस खाली उतरतो आणि शिडी काढून घेतो. ती निघाल्याशिवाय विमान हलत नाही.

वहिनींनी पिना दुसऱ्या हातात घेतल्या. दोन बोटांनी शिडी धरली, जरा दाबली, गोंदाचा ठिपका सुटला आणि शिडी हातात आली. मग त्या खुर्ची मागे सारून उठल्या, टेबलापासून दोन पावलं मागे गेल्या.

"तुमी बी मागं सरा, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी सरलो.